अंतोनचा सदरा

संतमावशीला तारीख विचारली तर तिनं कधी तारीख सांगितली नाही. "ब्लाउज कधी मिळेल?" म्हटलं, की ती ओठांत धरलेली टाचणी काढायची आणि सांगायची, "लॉरेन्सच्या आदल्या दिवशी ने." जुन्या गिऱ्हाइकांना सवय होती. नवी बाई मात्र बुचकळ्यात पडायची. हा लॉरेन्स कोण, त्याचा आपल्या ब्लाउजशी काय संबंध आणि तो येणार तरी कधी? मग दुकानाच्या पायरीवर बसलेले आम्ही भाऊबहीण दुभाष्याचं काम करायचो. "नऊ ऑगस्टला या," असं मी सांगायचे आणि बाई सुटल्यासारखी निघून जायची.

एकदा शाळेतल्या एका बाईंनी चिडून विचारलंच, "अहो, पण हे लॉरेन्स आहेत तरी कोण?" मावशी मशीन न थांबवता म्हणाली, "संत हाय. गरिबांचा कैवारी. त्याला लोखंडी जाळीवर भाजून मारला. आपल्या सोलापुरात जन्मला असता तर खाली जाळ बी घालायला लागला नसता, वैशाखाचं ऊन पुरं होतं की." बाई हसल्या. पुढे त्याच बाई दुकानात येऊन "मावशी, मायकेलच्या आत होईल का?" असं विचारू लागल्या, तेव्हा अप्पांनी कपाळाला हात लावला.

अप्पा म्हणजे माझे वडील. नव्या पेठेच्या एका बोळात आमचं कापडाचं दुकान, वर घर. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. दुकानाच्या मागे जिन्याखाली जी एक खोली होती तिथं संतमावशी आपली शिलाई मशीन आणि आपला मुलगा अंतोन यांच्यासह राहायची. तिचं खरं नाव मार्था. माहेर करकंबकडचं, दोन पिढ्यांपूर्वी कॅथलिक झालेलं. नवरा मिलमध्ये होता, तो मला आठवायच्या आधीच गेला. गल्लीत तिला मार्था म्हणून कुणी ओळखत नव्हतं. दुखणं कुठलंही असो, मावशीकडे त्याचा एक संत होता, म्हणून ती संतमावशी. ती स्वतः संत मुळीच नव्हती. रागाला वाईट होती आणि जिभेला तर फारच.

शिवूच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या टॉन्सिल्स दर हिवाळ्यात सुजायच्या. मावशीनं अव्वाला सांगितलं, "घशाचा संत ब्लेज. फेब्रुवारीत त्याचा दिवस असतो. फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याला लावतात. पोराला पाठवा." अव्वा म्हणजे आमची आई. ती जरा दचकली. मेणबत्ती आणि तीही गळ्याला. मावशी म्हणाली, "इझलेली असती, अव्वा. आमचा देव काय पोरं पोळवत न्हाय." मग शिवू, अंतोन आणि मी असे तिघंही चर्चला गेलो आणि गळ्याला गार मेण लावून परत आलो. त्या वर्षी शिवूचा घसा दुखला नाही असं अव्वा सगळ्यांना सांगायची. दुखला होता, पण मी कशाला मध्ये बोलू.

माझ्या वाट्याला आली संत सिसिलिया. माझा वाढदिवस तिच्या सणाला येतो आणि ती गाणाऱ्यांची संत आहे, म्हणून मला गाता यायलाच हवं असा मावशीचा हट्ट. मी एकदा मनापासून गायले. मावशीनं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे. सिसिलियाला बी सगळीच पोरं सारकी न्हाय मिळत."

सगळ्यांत जवळचा तिचा संत म्हणजे अंतोनी. हरवलेलं शोधून देणारा. मुलगा त्याच्याच सणाला, तेरा जूनला जन्मला म्हणून त्याचंही नाव अंतोन. मशीनच्या वरच्या फळीवर अंतोनीचा हातभर उंचीचा पुतळा होता, तपकिरी झगा घातलेला आणि कडेवर बाळ येशूला घेतलेला. दुकानात कात्री सापडेना, गोदामाची किल्ली हरवली, अव्वाची कुडी पडली, की मावशीकडे निरोप जायचा. ती पुतळ्याला हात जोडायची आणि मग खुशाल त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची. "मिळंपतूर असाच हुबा ऱ्हा," असा दम वर. वस्तू मिळाली की त्याला पुन्हा फिरवून समोर मेणबत्ती. अप्पा म्हणायचे, "मार्थाबाई, देवाला असं कोण बोलतं?" मावशी म्हणायची, "बसवण्णाला तुमी बोला की. तुमचं तुमी बघा, माजं मी बघती."

आमच्या दुकानाला तिच्या धर्माचं वर्ष रंगांनी कळायचं. चर्चमधल्या वेदीची कापडं आणि फादरांचे झगे तीच शिवायची आणि कापड आमच्याकडून न्यायची. थंडी पडायला लागली की जांभळं, म्हणजे नाताळच्या आधीचा वाट पाहण्याचा काळ. नाताळला पांढरं. उपवासाच्या दिवसांत पुन्हा जांभळं, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी लाल, ईस्टरला पांढरं. हुतात्म्यांच्या दिवशी लाल. पण वर्षभरात सगळ्यांत जास्त कापड लागायचं ते हिरवं. मी एकदा विचारलं, "मावशी, हिरव्याचा सण कुठला गं?" ती ताग्यावरून हात फिरवत म्हणाली, "हिरव्याला कायबी सण न्हाय. ते रोजचे दिस. नुसतं जगायचं आनि वाट बघायची, त्याला हिरवं."

अंतोन आणि शिवू एका वयाचे, दोघांच्या जन्मात दहाबारा दिवसांचं अंतर. मी त्यांच्याहून लहान, त्यामुळे त्यांच्या मागे मागे असायचे. अंतोन हसरा होता आणि कामाचा आळशी. मशीनला तेल घालायला सांगितलं की अर्धं फरशीवर सांडायचं. मिल एकेक करून बंद पडल्या तेव्हा तो नुकताच मोठा झाला होता आणि शहरात त्याच्या वयाच्या पोरांना काम नव्हतं. गल्लीतली दोन पोरं सुरतेला लूमवर निघाली, त्यांच्याबरोबर तोही निघाला. तो राखेचा बुधवार होता, उपवासाच्या काळाचा पहिला दिवस. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राखेचा क्रूस लावून घेतला आणि तसाच तो स्टेशनवर आला. शिवू नि मी सोडायला गेलो होतो. मावशी त्याला म्हणाली, "राख पुसू नको, आपसूक जाऊ दे." गाडी हलली तेव्हा खिडकीत ते काळं कपाळ दिसत होतं. अंतोनला मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

सुरुवातीला शेजारच्या दुकानातल्या फोनवर त्याचा फोन यायचा. मग महिन्यातून एकदा, मग सणाला. मग आला नाही. बरोबरची पोरं दुसऱ्या गावी पांगली होती. अप्पा माल आणायला सुरतेला गेले तेव्हा दोन दिवस जास्त राहून त्याला शोधत हिंडले. परत आल्यावर त्यांनी मावशीला समोर बसवून जे कळलं ते सगळं सांगितलं. खोलीत दुसरीच माणसं राहत होती. सोलापूरचा एक पोरगा तापानं पडला होता, त्याला कुणी सरकारी दवाखान्यात नेलं, पुढचं कुणालाच माहीत नाही. दवाखान्यातही पत्ता लागला नाही. मावशीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आजारी पडला म्हंजे मेला, असं कुणी सांगितलं का तुमाला?" अप्पा म्हणाले, "नाही." "मग झालं तर," म्हणाली आणि उठली.

त्या दिवशी अंतोनीच्या पुतळ्याचं तोंड भिंतीकडे गेलं. किल्ली हरवली तर तासाभरात फिरणारा तो पुतळा तसाच पाठमोरा राहिला. पाऊस गेला, नाताळ आला, तरी तसाच. मग राखेचा बुधवार पुन्हा आला. मी काही कामानं तिच्या खोलीत गेले तर पुतळा परत फिरवलेला, पण नेहमीच्या जागी नव्हता. फळीच्या टोकाला, दाराकडे तोंड करून ठेवलेला. मी काही विचारायच्या आत मावशीच बोलली, "भिताडाकडं बघून त्याला काय दिसायचंय? आला तर दारातनं येणार की न्हाय? दुसऱ्याचं लेकरू कडंवर घिऊन इतकी वर्सं हुबा हाय तो. माज्या लेकराकडं बी लक्ष ठेवंल." मी मान हलवली आणि जिन्यात येऊन रडले.

त्याच वर्षी सदऱ्याला सुरुवात झाली. तेरा जूनला चर्चमध्ये अंतोनीच्या नावानं छोटे पाव आशीर्वादित करून गरिबांना वाटतात. अंतोन घरी असताना त्या दिवशी त्याला नवा सदरा मिळायचा. मे महिन्याच्या शेवटी मावशी दुकानात आली, आकाशी रंगाचं कापड निवडलं आणि शिवूला म्हणाली, "ये रं, हात पसर." टेप खांद्यावर, टेप छातीला, टेप बाहीला. दोघं एका अंगाचे होते, लहानपणी एकमेकांचे कपडे घालायचे. शिवूला वाटलं त्याच्यासाठीच शिवतेय. मावशी म्हणाली, "तुला न्हाय. अंतोनचं माप तुज्यावर घेती. तो हितं न्हाय म्हनून त्याचं वय काय थांबलंय व्हय?"

तेरा जूनला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर पाव घ्यायला आलेल्या लोकांत ती फिरायची आणि अंतोनच्या अंगाचा माणूस शोधायची. मिळाला की सदरा त्याच्या हातात ठेवायची. "आजच घाल, उद्यासाठी ठेवू नको," एवढं सांगायची. एकदा टेंभुर्णीकडून कामाला आलेल्या एका हमालानं विचारलं, "कुणासाठी शिवल्याला म्हनायचा ह्यो?" मावशी म्हणाली, "तुज्यासारक्याच एकासाठी. त्यालाबी कुणीतरी देत असंल." मी शेजारी उभी होते. त्या वाक्याचा अर्थ मला तिथं कळला नाही. रात्री जेवताना कळला.

वर्षं गेली. शिवूचं लग्न झालं, छाती रुंद झाली, मग पोट आलं. अंतोनचा सदराही रुंद होत गेला. दर मे महिन्यात मावशी टेप लावून शिवूला बोलायची, "जरा चालत जा दुकानाला. तुज्यापायी माज्या पोराचं पोट सुटायलंय." शिवू लाजून हसायचा आणि श्वास आत ओढायचा. मग ती टेप सैल सोडायची. "खरं माप दे. त्याला आवळलं तर तितं कोण उसवून देनार?" अप्पा गेले, अव्वा गेली. आमच्या घरातली माणसं कमी होत होती आणि जो नव्हता तो मात्र आमच्यात बसून जाड होत होता.

ख्रिस्ती लोकांत दोन नोव्हेंबर हा सगळ्या मृतांचा दिवस. आदल्या दिवशी सगळ्या संतांचा सण असतो, दुसऱ्या दिवशी आपल्या माणसांचा. दफनभूमीत कबरी झाडायच्या, शेवंतीची फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या. संध्याकाळी फादर तिथंच मिस्सा करतात आणि लोकांनी दिलेली आपापल्या मृतांची नावं मोठ्यानं वाचतात. मावशी सकाळपासून तिथं असायची. नवऱ्याची कबर झाली, की ज्यांचं कुणी येत नाही अशा कबरी ती झाडायची. मी मेणबत्त्यांचा पुडा घेऊन मागे. नावं देताना ती नवरा, सासू, आईबाप एवढी सांगायची. अंतोनचं नाव तिनं कधी दिलं नाही आणि कुणी विचारायची छाती केली नाही.

आठेक वर्षांपूर्वी नवे फादर आले होते, कोकणाकडचे, वयानं तरुण, मनानं भला माणूस. चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या फिलोमिनाबाई ही मावशीची जुनी मैत्रीण. त्या वर्षी फिलोमिनाबाईंना वाटलं, आईच्या जिभेवर हे नाव येणार नाही, पोराच्या आत्म्याला मात्र प्रार्थना मिळायला हवी. म्हणून त्यांनीच ते नाव दिलं. मायेनंच दिलं, त्यात वाईट काही नव्हतं. फादर नावं वाचत गेले, मेणबत्त्या हलत होत्या, आणि मावशीच्या नवऱ्याच्या नावामागून अंतोनचं नाव आलं.

मी मावशीचा दंड धरला. ती हलली नाही. सगळी नावं वाचून होईस्तोवर ताठ उभी राहिली. मग पुढे गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "फादर, एक नाव चुकून आलं. ते मागं घ्या." फादर गोंधळले. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं तसे ते पांढरे पडले. म्हणाले, "मावशी, माफ करा. पण प्रार्थना वाया जात नाही. माणूस जिवंत असला तरी ती पोचते." मावशी म्हणाली, "पोचती, मला ठाऊक हाय. पर तुमी त्याला मेल्याल्यांच्या रांगंत हुबा केला. आता तितनं त्याला कोण आननार?" फिलोमिनाबाई पदरानं तोंड झाकून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी फादर स्वतः बोळातून चालत तिच्या खोलीवर आले. तिनं चहा दिला. येत्या तेरा जूनला जिवंतांसाठी जी प्रार्थना होते तिच्यात आपण अंतोनचं नाव वाढदिवसाचं म्हणून घेऊ, असं ते म्हणाले. मावशी "बरं" म्हणाली. पण मला तिच्यातला फरक दिसत होता. इतक्या वर्षांत अप्पांनी, पोलिसांनी, नातेवाइकांनी जे सुचवलं ते तिनं उडवून लावलं होतं. या खेपेला मात्र ते वेदीसमोर, तिनंच शिवलेला जांभळा झगा घातलेल्या माणसाच्या तोंडून तिनं ऐकलं होतं. त्या हिवाळ्यात ती संतांची नावं चुकू लागली. एका बाईला चक्क तारीख सांगितली, तेव्हा मला धडकी भरली.

मे महिना सरत आला तरी ती कापडाला आली नाही. शिवू रोज दुकानाच्या मागच्या दाराकडे बघायचा. मी म्हटलं, "जाऊन विचारू का?" तो म्हणाला, "काय विचारणार? पोरगा जिवंत हाय का म्हणून?" जून लागला. ऊन अजून तसंच पेटलेलं होतं. एका दुपारी शिवू गल्ल्यावरून उठला, आकाशी कापड फाडलं आणि जिन्याखालच्या खोलीत गेला. मी मागे गेले. मावशी खाटेवर बसून होती, मशीन कापड टाकून झाकलेली. शिवू तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस, पोराटोरासारखा हात पसरून.

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "किती जाड झालायस रं." आणि रडायला लागली. अंतोन गेल्यापासून ती रडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. शिवूनं हात खाली घेतले नाहीत. शेवटी ती डोळे पुसत उठली, गळ्यात टेप घातली आणि माप घेतलं. त्या वर्षी तेरा जूनला चर्चमध्ये वाढदिवसांच्या नावांत अंतोनचं नाव घेतलं गेलं. मावशीनं सदरा दिला तो रंगकाम करणाऱ्या एका माणसाला, आणि घरी येताना रिक्षात मला सांगितलं, "आला बघ परत आपल्या रांगंत."

त्यानंतर ती सहा-सात वर्षं जगली. डोळे गेले तशी चर्चची शिलाई सुटली, पण सदरा सोडला नाही. सुईत दोरा मी ओवून द्यायचे. शेवटच्या वर्षी बटणंही मीच लावली. स्वतःचे कफनाचे कपडे तिनं कधीच शिवून ठेवले होते, पांढरे, साधे. पेटी उघडून मला दाखवताना म्हणाली, "बघून ठेव. ऐन येळंला फिलोमिना मला नायलॉन घालंल." गेल्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. चर्चमध्ये त्या दिवशी सगळं पांढरं होतं आणि ते सगळं तिच्याच हातचं होतं. शवपेटी नेताना मला राहून राहून वाटत होतं की आता कुणीतरी मागून मला हाक मारेल आणि विचारेल, आज कुठल्या संताचा दिवस आहे. मला आठवेना. मला त्या दिवशी काहीच आठवत नव्हतं.

खोली रिकामी केली, पण फळीवरचा अंतोनी आम्ही हलवला नाही. लिंगायताच्या घरात जिन्याखाली एक कॅथलिक संत दाराकडे बघत उभा आहे, याचं गल्लीत कुणाला काही वाटत नाही. मे महिन्याच्या शेवटी शिवू मला काही न सांगता बाहेर पडला आणि तासाभरानं आला. पेठेतल्या एका टेलरकडे जाऊन माप देऊन आला होता. टेलरनं म्हणे विचारलं, "शेट, फिटिंगचा करू का?" तर हा म्हणाला, "नको. मोकळा ठेव. ज्याचा हाय तो हितं न्हाय." तेरा जूनला आम्ही दोघं पाव घेणाऱ्यांच्या गर्दीत जाऊन उभे राहिलो. अंतोनच्या अंगाचा, म्हणजे शिवूच्याच अंगाचा माणूस शोधायला वेळ लागला. इतकी पोटं सुटलेली गरीब माणसं नसतात.

मग दोन नोव्हेंबर आला. मावशीची कबर अजून कच्चीच होती, मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. मी शेवंती घातली, शिवूनं मेणबत्ती लावली. बेवारस कबरी झाडायला आता मीच खराटा नेला होता. आता आणखी वेगळे फादर आहेत, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. मिस्सा सुरू व्हायच्या आधी फिलोमिनाबाई काठी टेकत आमच्याजवळ आल्या. फार थकल्यात. शिवूचा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाबा, आता आई बी गेली. आता तरी पोराचं नाव घालू का रं? ती तितं एकटीच असंल. नाव घेतलं तर मायलेकरं एका जागी येतील."

मला त्यांचं म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर अंतोन त्या तापातच गेला असं मला फार पूर्वीपासून वाटतं. मावशीसमोर हे मी मनातल्या मनातसुद्धा नीट बोलले नव्हते. आता ती नव्हती, तिला दुखावायची भीती नव्हती, आणि ती एकटी आहे ही कल्पना मला सोसत नव्हती. मी शिवूकडे पाहिलं. तो मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून तळहात आडवा धरून बसला होता.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "तो तितं असंल तर तिला आतापतूर भेटला बी असंल. आपन नाव घ्यायची ती काय वाट बघत न्हाय. आनि तितं नसंल तर हितं कुटंतरी हाय. खरं काय ते तिला कळलंय. आपल्याला न्हाय कळलं. मग आपन सदरा शिवायचा."

फिलोमिनाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. फादरांनी नावं वाचली. मावशीचं नाव आलं तेव्हा मी डोळे मिटले. तिच्यामागून कुणाचं नाव येतं ते नकळत ऐकत राहिले. दुसऱ्याच घराण्यातल्या कुणा म्हाताऱ्याचं आलं.

आम्ही परत आलो तेव्हा पेठेत दिवाळीची गर्दी होती. शिवूनं शटर वर केलं, दिवा लावला आणि फळ्यांसमोर उभा राहिला. आकाशी ताग्यावर हात ठेवला, मग तो तसाच सोडून वरचा हिरवा ओढून काढला. माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "ह्यातला सदऱ्यापुरता कापून बाजूला ठेव. जूनपतूर तू सगळा विकून बसशील."